काच पुसायचं पाणी घरीच कसं करायचं: बेळगावकडच्या घरांसाठी

निपाणीहून लग्न होऊन बेळगावात आले तेव्हा वडगावातल्या आमच्या घराला नऊ सरकत्या खिडक्या होत्या आणि नऊच्या नऊ खिडक्यांच्या काचांवर पांढरट ठिपके. मी हौसेने मोबाइलवर बघून व्हिनेगर आणलं, घरच्याच नळाच्या पाण्यात मिसळलं आणि शनिवारची अख्खी दुपार घासत बसले. ओल्या होत्या तोवर काचा आरशासारख्या दिसत होत्या. वाळल्यावर बघते तर आधीपेक्षा जास्त ठिपके. सासूबाई चहा घेऊन आल्या, काचेकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बोअरचं पाणी घेतलंस होय गं? त्या पाण्यात डाळ तरी शिजते का?"

त्यांनी काच पुसायचं पाणी जन्मात कधी केलं नव्हतं, पण नेमकं दुखणं त्यांनीच ओळखलं. मोबाइलवरच्या सगळ्या कृती व्हिनेगर किती, साबण किती, यावरच बोलतात. पाण्याबद्दल एक ओळ असते: 'पाणी घ्या'. आणि बाटलीत निम्म्याहून जास्त तर पाणीच असतं! तेव्हापासून दर गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या आधी मी हे करत आले, बऱ्याच चुका केल्या, एक फरशी कायमची खराब केली. तुम्ही नवीन घरात आला असाल किंवा पहिल्यांदाच करणार असाल, तर खालच्या क्रमाने करा.

१. आधी पाणी ओळखा

आपल्याकडे एकाच घरात दोन-तीन प्रकारचं पाणी असतं. महापालिकेचा नळ, म्हणजे राकसकोप आणि हिडकलचं पाणी. अंगणातली किंवा गल्लीतली विहीर. आणि बोअर. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे गच्चीवरच्या टाकीत नळाचं आणि बोअरचं मिसळून जातं, आणि आपण मात्र 'नळाचं पाणी' म्हणत राहतो. माझी पहिली चूक हीच.

बोअरच्या पाण्यात चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी उडून जातं, क्षार काचेवर बसतात. तो पांढरा ठिपका म्हणजे धूळ नव्हे, चुना आहे. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि तूरडाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या देऊनही दाताखाली येते. आमच्या नणंदेच्या सासरी, रायबागकडे, बोअरच्या पाण्याने आंघोळ केली की केस काथ्यासारखे होतात. तिथे तर या पाण्याने काच पुसायचा विचारही करू नका.

एक सोपी परीक्षा आहे. स्टीलची ताटली स्वच्छ धुऊन कोरडी करा. तिच्यावर वेगवेगळ्या ठिकाणी एकेक थेंब टाका: टाकीचं, बोअरचं, पिण्याच्या फिल्टरचं, जे काय घरात असेल ते. ताटली उन्हात ठेवा आणि पूर्ण वाळू द्या. जिथे पांढरी कडी उमटते ते पाणी बाद. कडी जितकी जाड तितकं पाणी जड. आमच्या बोअरच्या थेंबाची कडी एवढी ठसठशीत आली की नखाने खरवडली तरी निघेना.

काचेसाठी चालणारं पाणी, माझ्या पसंतीच्या क्रमाने:

पावसाचं पाणी. आपल्या भागात जून ते सप्टेंबर हे फुकटात मिळतं आणि ते अगदी मऊ, म्हणजे क्षार जवळजवळ नसलेलं असतं. पण पहिले दोन-तीन पाऊस सोडून द्या, त्यात हवेतली सगळी धूळ उतरते. कौलांवरून किंवा पन्हाळीतून पडणारं घेऊ नका, त्यात शेवाळ आणि पाखरांची घाण असते. गच्चीवर उघड्या आभाळाखाली रुंद पातेलं ठेवा, भरलं की दुपदरी सुती कापडातून गाळून झाकणाच्या कॅनमध्ये भरा. उघडं ठेवलंत तर डास होतील.

डिस्टिल्ड वॉटर. बॅटरीच्या दुकानात मिळतं. इथे एक धोका आहे, तो पुढे सामानात सांगते.

पिण्याच्या आरओ फिल्टरचं पाणी. चालतं. पण आरओच्या मागच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र काचेला लावू नका. 'फुकट जातंय तर खिडक्या तरी धुऊ' म्हणून आम्ही दोन महिने ती बादली खिडक्यांसाठी राखून ठेवली होती. आत राहिलेले सगळे क्षार त्या नळीतूनच बाहेर पडतात, म्हणजे बोअरपेक्षाही जड पाणी. ते अंगण धुवायला किंवा संडासात वापरा.

पाणी उकळून गार करून घेतलं तर थोडा फरक पडतो, कारण काही क्षार भांड्याच्या तळाशी बसतात. सगळे बसत नाहीत. अगदीच अडलं तर करा.

२. सामान

पांढरं व्हिनेगर, ५०० मिलीची एक बाटली. चायनीजच्या गाडीवर असतं तेच, किराणा दुकानात मिळतं. पाण्यासारखं स्वच्छ हवं. सफरचंदाचं तपकिरी व्हिनेगर नको, त्याचा रंग आणि गोडसरपणा काचेवर राहतो. मिरच्या घातलेलं तर नकोच.

डिस्टिल्ड वॉटर किंवा वर सांगितलेलं मऊ पाणी. बॅटरीच्या दुकानात 'बॅटरीचं पाणी द्या' असं म्हणू नका. मी म्हटलं होतं. दुकानदार कानडी माणूस, त्याने दोन कॅनवर हात ठेवला आणि विचारलं, "नीरू बेका, अॅसिड बेका?" पाणी पाहिजे की अॅसिड? बॅटरीत पातळ केलेलं गंधकाचं आम्ल असतं, आणि काही लोक त्यालाही बॅटरीचं पाणीच म्हणतात. दोन्ही पाण्यासारखीच दिसतात. त्या माणसाने विचारलं नसतं तर मी काय घेऊन आले असते, देव जाणे. स्पष्ट 'डिस्टिल्ड वॉटर' म्हणा, कंपनीची बंद बाटली घ्या आणि लेबल वाचूनच दुकानाच्या पायऱ्या उतरा.

भांडी घासायचं लिक्विड. थेंबांच्या हिशेबात लागेल. घासायची वडी किंवा पावडर नको.

आयसोप्रोपिल अल्कोहोल, फक्त पावसाळ्यासाठी. औषधाच्या दुकानात विचारा. मोबाइल दुरुस्तीवाले याला 'आयपीए' म्हणतात. सत्तर टक्क्यांचं पुरे. नाही मिळालं तरी काम अडत नाही. याच्या जागी रंगाचा थिनर वापरू नका, खिडकीचं रबर आणि रंग खराब होतो.

लिंबूसत्त्व, जुने डाग असतील तरच. किराणा दुकानात सुटं मिळतं.

स्प्रेची बाटली. रेडीमेड क्लीनरची रिकामी असेल तर उत्तम, पण आधी गरम पाण्याने तीन वेळा धुऊन, पंपातूनही पाणी मारून घ्या. त्यात आधी काय होतं ते माहीत नसेल तर नवीन घ्या, न्हाव्याकडे असते तसली.

फडकी, निदान तीन. गाडी पुसायची मायक्रोफायबरची चांगली. त्याहून चांगलं जुनं सुती धोतर किंवा पंचा, शंभरदा धुतलेला. शहापूरच्या मागावरचं जुनेर घरात असेल तर आधी हात लावून बघा. सुती असेल तर सोनं, पण त्यात कृत्रिम धागा असेल तर ते पाणी पीतच नाही, नुसतं इकडचं तिकडे करतं. आणखी एक: कपडे मऊ करायच्या लिक्विडमध्ये बुडवलेलं फडकं काचेला लावू नका. त्याचा तवंग काचेवर येतो आणि आपण दोष व्हिनेगरला देतो.

रबराचा छोटा वायपर, एक जुना टूथब्रश, एक रंगाचा कोरडा ब्रश. हातमोजे हवेत तर.

३. घाण कुठली आहे ते बघा

सगळ्या घाणीला एकच औषध नाही. आमच्या तीन नातेवाइकांच्या खिडक्यांनी मला हे शिकवलं.

खानापूरकडच्या घरात तांबडी माती. जांभ्याची ही धूळ बारीक असते, पण तिच्यात खडे असतात. त्यावर सरळ पाणी मारून घासलंत की काचेवर चिखल होतो आणि बारीक ओरखडे उठतात. आधी कोरड्या ब्रशने झाडा, मगच ओलं करा.

उद्यमबागेजवळ राहणाऱ्या मावशीच्या खिडकीवर काळसर, किंचित खरखरीत थर बसतो. फाउंड्र्यांचा भाग आहे, त्यात लोखंडाचा कण असतो. तोही आधी झाडायचा, आणि झाडलेलं फडकं पुन्हा काचेला लावायचं नाही. उसाच्या हंगामात पाचट पेटवलं की उडणारी काळी राख याच जातीची त्रासदायक: बोटाने पुसलीत तर काजळासारखी पसरते. फुंकर मारा किंवा ब्रशने हलकेच उडवा.

निपाणीला माझ्या माहेरी वेगळंच. तंबाखूच्या वखारी जवळ, त्यामुळे काचेवर पिवळट थर, बोट लावलं तर चिकट. तिथे व्हिनेगर काही करत नाही. चिकट घाणीला साबण लागतो. स्वयंपाकघरातल्या फोडणीच्या वाफेचंही तसंच.

म्हणजे पांढरे ठिपके असतील तर आंबट, चिकट असेल तर साबण, नुसती धूळ असेल तर आधी ब्रश आणि मग जवळजवळ नुसतं पाणी. एवढं कळलं की पुढची मापं तुम्ही स्वतःच कमीजास्त कराल.

४. मिश्रणं

रोजचं मिश्रण (५०० मिली)

मऊ पाणी ४०० मिली, व्हिनेगर १०० मिली. झालं. एका व्हिनेगरच्या बाटलीत अशा पाच बाटल्या होतात. मोजायला औषधाच्या बाटलीबरोबर येणारा छोटा कप किंवा बाळाची जुनी दुधाची बाटली वापरा, तिच्यावर आकडे असतात.

पहिल्यांदाच करत असाल आणि आधी वर्षानुवर्षं रेडीमेड क्लीनर वापरला असेल, तर काचेवर त्याचा पातळ थर असू शकतो. फक्त पहिल्या बाटलीत भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब टाका. दोन म्हणजे दोन. मी पहिल्यांदा 'थोडंसं' म्हणून अर्धा चमचा टाकलं आणि फेस काढण्यात संध्याकाळ गेली.

स्वयंपाकघराचं मिश्रण (५०० मिली)

कोमट मऊ पाणी ५०० मिली, भांड्याचं लिक्विड पाच थेंब. व्हिनेगर नाही. याने पुसून झाल्यावर नुसत्या मऊ पाण्याचा हात मारायचा आणि कोरडं करायचं. चिकटपणा फारच असेल तर याच पाण्यात भिजवलेलं फडकं पाच मिनिटं काचेवर चिकटवून ठेवा. धुण्याचा सोडा घालायचा मोह होईल. अॅल्युमिनियमची चौकट असेल तर घालू नका, सोड्याने अॅल्युमिनियम काळवंडतं.

पावसाळ्याचं मिश्रण (५०० मिली)

मऊ पाणी ३०० मिली, आयसोप्रोपिल अल्कोहोल १५० मिली, व्हिनेगर ५० मिली. जुलैत आपल्याकडे टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाही, मग काच कुठली वाळायची? अल्कोहोल पाण्यापेक्षा लवकर उडतं, म्हणून काच ओली राहून तिच्यावर ओघळ उमटत नाहीत. पण हे पेट घेतं. देवासमोर समई किंवा उदबत्ती लावलेली असताना, गॅस चालू असताना हे फवारू नका. दुसरी खिडकी उघडी ठेवा. उन्हाळ्यात या मिश्रणाची गरज नाही, पुसायच्या आत उडून जातं.

कोरोनाच्या वेळचं सॅनिटायझर कपाटात पडलंय, तेच अल्कोहोल म्हणून वापरू का, असं मला तीन जणींनी विचारलं. नको. हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात ग्लिसरीन घालतात, ते काचेवर धुकं सोडतं. जेलवालं तर आणखी वाईट.

५. हे एकत्र करू नका

हा भाग घाईत वाचू नका.

व्हिनेगर आणि ब्लीचिंग पावडर, किंवा बाथरूममधलं ब्लीच. आपल्याकडे टाकीत टाकायला ब्लीचिंग पावडर बऱ्याच घरात असते. आंबट काहीही त्याला लागलं की क्लोरीन वायू सुटतो. डोळे झोंबतात, खोकला येतो, बंद बाथरूममध्ये जीवावर बेतू शकतं. बादली एकच असेल तर आधी ती धुऊन घ्या.

अमोनिया आणि ब्लीच. काही तयार क्लीनरमध्ये अमोनिया असतो. यातूनही विषारी वायू होतो. म्हणून उरलेला तयार क्लीनर आपल्या मिश्रणात 'संपवून टाकू' म्हणून ओतू नका.

व्हिनेगर आणि खायचा सोडा. हा धोक्याचा नाही, मूर्खपणाचा आहे. फसफसतं, छान दिसतं, मोबाइलवर व्हिडिओ होतो. पण आंबट आणि खारं एकमेकांना मारून टाकतात, आणि हाती उरतं ते कामाचं काहीच न करणारं खारट पाणी. वर त्याचे पांढरे डाग.

व्हिनेगर आणि किसलेला अंगाचा साबण. दूध नासल्यासारखं होतं. ते काचेवर गेलं की मेणासारखं बसतं.

व्हिनेगरऐवजी ताजं लिंबू पिळलं तर? चालेल असं वाटतं, पण त्यात गर आणि साखर असते. काच चिकट होते, चौकटीत मुंग्या येतात आणि बाटलीतलं उरलेलं चार दिवसांत वास मारतं. लिंबूसत्त्व वेगळं, ते पुढे येतंय.

आणि आता माझी फरशी. आमच्या खिडक्यांच्या खाली पॉलिश केलेला कडाप्पा आहे. व्हिनेगर फवारलं, ते ओघळलं, कडाप्प्यावर साचलं, मी चहा प्यायला गेले. आल्यावर पुसलं तर तिथे वीतभर जागा निस्तेज झालेली, पाणी पडलं की तेवढीच वेगळी दिसते. कडाप्पा, शहाबादी आणि संगमरवर हे तिन्ही चुनखडीच्या कुळातले दगड. काचेवरचा ठिपकाही चुन्याचाच. व्हिनेगरला डाग कुठला आणि फरशी कुठली हे कळत नाही, ते दोघांनाही खातं. ग्रॅनाइटला सहसा असं होत नाही. त्यामुळे खाली यापैकी दगड असेल तर आधी जाडसर टॉवेलची वळकटी काचेच्या तळाशी लावा आणि मिश्रण काचेवर न मारता फडक्यावर मारा. माझ्या त्या डागावर आता तुळशीची छोटी कुंडी आहे.

टीव्ही, मोबाइल, लॅपटॉप यांच्या पडद्याला यातलं काहीच लावू नका. आरशालाही फडक्यावर घेऊनच, कारण कडेने आत गेलेल्या ओलीने आरशाची कडा काळी पडते.

६. पुसायची रीत

वेळ आधी ठरवा. उन्हात तापलेल्या काचेवर फवारलं की ते पुसायच्या आत वाळतं आणि पट्टे राहतात. पूर्वेच्या खिडक्या दुपारनंतर, पश्चिमेच्या सकाळी. ढगाळ दिवस मिळाला तर लॉटरीच.

काचेला हात लावण्याआधी खालचा चॅनेल, म्हणजे खिडकी सरकते ती खाच, साफ करा. बहुतेक जण हे शेवटी करतात आणि मग चॅनेलमधला चिखल नुकत्याच पुसलेल्या काचेवर उडतो. टूथब्रशने माती मोकळी करा, मग फडक्याच्या टोकाने उचला. चॅनेलच्या बाहेरच्या बाजूला पाणी जाण्यासाठी बारीक भोकं असतात, ती बघा. आमची लाल मातीने बुजलेली होती आणि दोन पावसाळे आम्ही खिडकीतून पाणी आत येतं म्हणून मिस्त्रीला फोन करत होतो. उदबत्तीच्या काडीने भोकं मोकळी केली आणि पाणी बंद झालं. मिस्त्रीला हे सांगितलं नाही.

जाळीचं दार निघत असेल तर काढून बाथरूममध्ये धुवा. जाळी तशीच ठेवून मागची काच पुसणं म्हणजे चिखलात उभं राहून पाय धुणं.

मग काच. ब्रशने झाडून घ्या. पहिल्या फडक्यावर मिश्रण घेऊन वरून खाली पुसा, कोपरे आधी. फडकं काळं झालं की घडी उलटा. एकेका काचेला सात-आठ फवारे पुष्कळ झाले. जास्त ओलं केलं म्हणजे जास्त स्वच्छ होत नाही, फक्त जास्त वाळवावं लागतं.

ओली आहे तोवर वायपर. वरच्या कडेला एक बोटभर पट्टी आधी कोरड्या फडक्याने पुसून घ्या आणि वायपर त्या कोरड्या पट्टीवरून चालू करा, म्हणजे रबर थडथडत नाही. प्रत्येक ओढीनंतर रबर पुसायचं. हे चुकवलंत की वर काढलेलं पाणी खाली रेघ मारत येतं. मी आळसाने चुकवते आणि दर वेळी पस्तावते.

शेवटी कोरडं फडकं, फक्त कडांना. आत पुसताना हात उभा फिरवा, बाहेर पुसताना आडवा. नंतर रेघ दिसली तर ती उभी आहे की आडवी त्यावरून कुठल्या बाजूला राहिली ते कळतं. नाहीतर नवरा आत, आपण बाहेर, आणि 'तुझ्या बाजूला आहे', 'नाही, तुझ्याच' हे चालूच राहतं.

वर्तमानपत्राने पुसावं का? आमच्या सासऱ्यांची खात्री आहे की आदल्या दिवशीच्या पेपराइतकं काचेला दुसरं काही लागत नाही. धागे सुटत नाहीत हे खरं, चमकही येते. पण हात काळे होतात आणि चौकट पांढरी असेल तर शाई तिला लागते. गुळगुळीत पानांच्या रंगीत पुरवण्या तर पाणीच शोषत नाहीत. घरात मराठी पेपर येवो नाहीतर कानडी, काचेला दोन्ही सारखेच, त्यावरून तरी वाद नको.

वरच्या मजल्याच्या बाहेरच्या काचा हा मात्र चेष्टेचा विषय नाही. ग्रिल नसेल तर खिडकीबाहेर वाकून पुसू नका. सरकत्या खिडकीचा पल्ला बहुधा वर उचलून आत काढता येतो, पण तो वजनदार असतो, दोघांनी मिळूनच काढा आणि जमिनीवर गोधडी घालून त्यावर उभा करा. जमत नसेल तर लांब दांड्याचा वायपर आणा.

७. जुने, चिवट पांढरे डाग

नळाजवळची किंवा बाथरूमची काच, जिथे वर्षानुवर्षं बोअरचं पाणी उडतं, तिथे रोजचं मिश्रण पुरत नाही. लिंबूसत्त्व एक चहाचा चमचा, १०० मिली कोमट मऊ पाण्यात विरघळवा. टिश्यू पेपर त्यात भिजवून डागावर चिकटवा, पंधरा मिनिटं ठेवा. वाळायला लागला तर वरून पुन्हा ओलं करा. मग पेपर काढून फडक्याने गोल गोल घासा आणि मऊ पाण्याने धुऊन टाका. काही डागांना दोन-तीनदा करावं लागतं. हातावर चीर असेल तर मोजे घाला, चांगलंच झोंबतं. आणि खाली कडाप्पा असेल तर वरचं सगळं पुन्हा वाचा.

राख, रांगोळी, तारेची घासणी यांनी घासू नका. रांगोळी म्हणजे दगडाचीच पूड.

घर नवीन असेल तर काचेवर रंगाचे आणि सिमेंटचे शिंतोडे असतात. काच भरपूर ओली करून, दाढीचं नवं ब्लेड जवळजवळ आडवं धरून, एकाच दिशेने हलकेच खरवडा. कोरड्या काचेवर ब्लेड लावायचं नाही. टफन काच असेल किंवा काचेवर फिल्म असेल तर ब्लेड अजिबात नको.

एवढं करूनही डाग बोटाला लागत नाही पण डोळ्याला दिसतो, असं झालं तर तो डाग उरलेला नाही. क्षारांनी काचेचा वरचा थरच खाल्लेला असतो, आणि कुठल्याही घरगुती पाण्याने तो परत येत नाही. आमच्या बाथरूमची काच अशीच आहे. मी तिच्यावर तीन रविवार घालवले, तुम्ही एकही घालवू नका.

८. उरलेलं कुठे ठेवायचं

पाणी आणि व्हिनेगरचं मिश्रण महिनाभर सहज टिकतं. पावसाच्या पाण्याने केलेलं असेल तर महिन्याच्या आत संपवा, आणि तळाशी कचरा किंवा शेवाळासारखं काही दिसलं तर ओतून टाका. साबणाचं मिश्रण त्या दिवसापुरतंच करा. अल्कोहोलचं गॅसच्या शेगडीपासून आणि उन्हापासून लांब, झाकण घट्ट लावून.

पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका, पाच मिनिटांपुरतंही नाही. सगळी मिश्रणं पाण्यासारखीच दिसतात. मुलांच्या हाताला येणार नाही अशा वरच्या फळीवर ठेवा. बाटलीवर चिकटपट्टी लावून त्यावर काय आहे, किती मापाचं आहे आणि कुठल्या तारखेला केलं ते लिहा. आमच्याकडे कामाला येणाऱ्या अक्कांना मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, म्हणून मी त्यांच्याकडूनच दुसरी ओळ कानडीत लिहून घेतली. वर 'पिऊ नका', खाली 'कुडियबेडी'. लिहून झाल्यावर त्यांनी बाटली उजेडाकडे धरली, हुंगली आणि विचारलं, "यात पाणी बोअरचं नाही ना, वहिनी?"